सुपडू मास्तरांचा ‘शे’

नंदुरबारच्या छोट्या जेलच्या फाटकाशी सुपडू मास्तर पोचले, की शिपायानं सांगण्याआधीच दोन्ही हात वर करून उभे राहत. शिपाई खिसे चाचपायचा. मास्तर म्हणायचे, “बघी ले भाऊ. डोकामा जे शे ते तुले सापडस नही.” हा विनोद आठवड्यातून दोनदा व्हायचा आणि शिपाई दोन्ही वेळा हसायचा.

दुसरी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. मी तिथं कारकून होतो. वरून आलेल्या एका साहेबांनी चांदीच्या मुठीची काठी आपटत कैद्यांच्या सुधारणेवर तासभर भाषण केलं, त्यांना लिहायला शिकवावं असा हुकूम काढला, हार घालून घेतला आणि बाजारातल्या मिरचीचा ठसका लागल्यामुळे ते लवकर परतले. हुकूम मागे राहिला. तो पाळायला पेन्शनीतले सुपडू मास्तर आले.

अक्षरं गिरवून झाल्यावर मास्तरांनी हुकमात नसलेलं काम सुरू केलं. प्रत्येकानं रोज एक ओळ लिहायची, पण दुसऱ्या कुणालाही सुचणार नाही अशी. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ असं कुणी लिहिलं की ते पाटी पुसून टाकत. “चोरेल वाक्य नको. चोरी करीसनीच आठे उनात ना?” कैदी खदखदून हसत. मला मात्र एकदा हळूच म्हणाले, “तीस वरीस पोऱ्यासनी ‘आहे’नी जागावर ‘शे’ लिखं म्हनीसन मी छडी मारी, भाऊसाहेब. आते फेडी ऱ्हायनू.”

म्हसावदचा झिपरू बांधाच्या भांडणात एकाचा हात मोडून आत आला होता. लिहायला शिकल्यावर त्यानं बायकोला, ठगूला, तीन पत्रं धाडली. उत्तर नाही. मग कचेरीत टपाल घेऊन आलेल्या गावच्या कोतवालानं सांगितलं, की झिपरू पटकीनं मेला अशी गावात आवई आहे आणि ठगूचे भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा दुसऱ्याशी पाट लावणार आहेत.

“पण पत्रं गेली ना?” मी विचारलं.

“गयी ना. शाळाना मास्तरनी वाची दाखाडी. ती म्हनस, मन्हा मानूस ‘आहे’ कधी बोलस नही. हाऊ कागद सरकारना शे.”

“मग तूच सांग तिला, तो जिवंत आहे म्हणून.”

“मी बी सरकारनाच ना, भाऊसाहेब. मन्हं कोन ऐकस?”

शेजारी बसलेल्या सुपडू मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. कैद्यांची पत्रं तपासणं माझ्याकडे होतं. जेलचा शिक्का अशुद्ध मजकुरावर बसू नये म्हणून ती मी सुधारून, सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवत असे. झिपरूच्या तिन्ही पत्रांत मीच लिहिलं होतं, ‘मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.’

मास्तर रागावले नाहीत. “तुम्ही कागद धोया,” ते म्हणाले, “मानूस वाही गया.”

झिपरूला त्यांनी एकच सांगितलं, की जे फक्त तुला आणि तिला ठाऊक आहे ते लिही. तो दोन दिवस कोरी पाटी घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी कागद माझ्या टेबलावर आला. ‘ठगू, भाजीमा मीठ टाकानं तू भूलस. मी काही बोलस नही. आठे भाजीमा मीठ बराबर ऱ्हास, पन घास उतरस नही.’

माझा हात सवयीनं लाल शाईच्या दौतीकडे गेला. मास्तर समोरच बसले होते. “भाऊसाहेब, फक्त शिक्का मारा.”

मी मारला.

आखाजीला आठ दिवस असताना ठगू तापी ओलांडून फाटकाशी आली. गजांपलीकडे झिपरू दिसला तशी म्हणाली, “मीठ कमी ऱ्हास ते इतला दिन सांगं का नही?” तिनं आणलेली भाजी कायद्याप्रमाणे मी चाखली. मीठ नव्हतंच. झिपरूनं ती बोटं चाटून खाल्ली.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मास्तरांच्या मुलाचं पत्र आलं. ‘तीर्थरूपांस अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली. कळावे.’ एक वेलांटी चुकली नव्हती, आणि मास्तरांचा त्यात एक शब्द नव्हता. ते इतकं शुद्ध होतं, की संध्याकाळपर्यंत मी त्यावर विश्वास ठेवला नाही.