शुक्रवारी दुपारी उजळलेला तारा

प्रज्ञा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. विहारातून भंतेजी यायचे होते, खुर्च्या लावून झाल्या होत्या, आणि तिचाच फोन वाजला. बंगळुरूहून तिच्याबरोबर काम करणारा इरफान होता. मी 'हॅलो' म्हणायच्या आत म्हणाला, "मॅडम, टाइम मिल गया! अगले महीने फिर देख सकते हैं!" मी गॅलरीत गेले आणि त्याला सांगितलं, मी तिची वहिनी, प्रज्ञा गेली. तो म्हणाला, "भाभी, उन्होंने तो बोला था, थोडा बुखार रहता है." एवढंच सांगितलं होतं तिनं. पोटातल्या कॅन्सरला ती बाहेर सगळीकडे ताप म्हणायची.

प्रज्ञा माझी नणंद. मी लग्न होऊन उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आले तेव्हा ती नववीत होती. दोन खोल्या, खाली जीन्स शिवायच्या मशीनची घरघर. दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "वहिनी, तुला गणित येतं?" मी म्हटलं, "पोटापुरतं." "चालेल. मग तू नुसती समोर बस, मला झोप येते." तशी मी समोर बसत गेले, मेथी निवडत, उसवलेलं शिवत. सासरे लवकर गेले. मिलिंदनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, कारखान्यात डबल ड्युटी करून बहिणीला शिकवलं. तिला पीएच.डी. मिळाली तेव्हा शेजारच्या सिंधी काकू पाय ओढत वर आल्या. "डॉक्टर बन गयी ना? मेरे घुटने देख." प्रज्ञानं गंभीरपणे गुडघे पाहिले, तेल चोळून दिलं आणि म्हणाली, "काकी, मैं सिर्फ तारों की डॉक्टर हूँ." काकू तरीही दोन दिवस बरं वाटतंय म्हणत होत्या.

नोकरीसाठी ती बंगळुरूला गेली आणि आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायला आलो. आजार कळल्यावर ती आमच्याकडे परतली, लॅपटॉप घेऊन. तिची दुर्बीण अमेरिकेतल्या एका डोंगरावर होती. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस, म्हणून आमच्या घरात तारे दुपारच्या जेवणानंतर दिसायचे! त्याच सुमारास देवयानी दीर्घिकेत एक तारा अचानक उजळला. "शेजारचीच दीर्घिका आहे," ती म्हणाली. "उजेड पोचायला पंचवीस लाख वर्षं लागली, बस." मी म्हटलं, "हा तुझा शेजार?" खूप हसली. बाकीच्यांना तो नेहमीसारखा स्फोट वाटला होता. तिला वाटत होतं, एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे तिथे एकात एक मिसळलेत. तसं असेल तर तो थंड होत जाईल, लालभडक होईल आणि स्वतःच्याच धुळीत झाकला जाईल. त्याआधी त्याचा वर्णपट घ्यायला हवा, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून बघायला हवेत.

दुर्बिणीची वेळ मिळाली ती नेमकी केमोच्या दिवशी, शुक्रवारी. मिलिंद भडकले. "तारा महत्त्वाचा की तू?" ती शांतपणे म्हणाली, "दादा, डॉक्टरांना विचारलंय. एक दिवस पुढे चालेल म्हणाले. ताऱ्याला नाही विचारता येत." ते ताडकन उठून बाहेर गेले. आणि आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे तर तिच्या लक्षातही नव्हतं! संध्याकाळी बघते तर मिलिंद कॅम्प चारच्या ओळखीच्या दुकानातून इन्व्हर्टर आणि ही एवढी बॅटरी रिक्षात घालून घेऊन आले. कुणाशी न बोलता जोडत बसले.

शुक्रवारी लाइट गेली. लॅपटॉप चालू राहिला, पण केबलवाल्याचं नेट बंद पडलं. मग माझ्या मोबाइलचं नेट. रेंज फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात, म्हणून मी ग्रिलमधून हात बाहेर काढून फोन धरून उभी. तिकडे दुर्बिणीवर ढग आले होते. आतून प्रज्ञाचा आवाज यायचा, "वहिनी, हलू नकोस." हाताला मुंग्या आल्या. मिलिंद कामावर गेलेच नव्हते, ते दारात उभे. वेळ संपत आली आणि ढग फाटले... बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. पडद्यावर मला नुसती वाकडीतिकडी रेघ दिसली. तिनं त्या रेघेतल्या खाचांवर बोट ठेवलं. इतकं थंड झाल्याशिवाय त्या उमटत नाहीत म्हणाली. "दोघं होते गं. दोघंच होते." आणि रडायला लागली. मिलिंदनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस नव्हते तिला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी केमो झाली, पुढचीही झाली. उपयोग झाला नाही. शेवटच्या आठवड्यात ती माझा हात धरून पडून असायची. एकदा म्हणाली, "वहिनी, आता तो धुळीत गेला असेल. साध्या दुर्बिणीला दिसणार नाही." मी म्हटलं, "मग संपला?" "छे, आतून गरम असतो."

इरफाननं पुढचं काम केलं. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून तारा दिसला. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आहे.

तिच्या खोलीच्या खिडकीला मी एक जुनी सतरंजी टांगली होती, दुपारचं ऊन स्क्रीनवर येऊ नये म्हणून. परवा मिलिंद म्हणाले, "काढूया आता, खोली कोंदट झालीय." मी स्टुलावर चढले. एक कोपरा खिळ्यावरून सोडवला तसं ऊन आत आलं, थेट तिच्या टेबलावर. मिलिंद बघत राहिले... मग हळूच म्हणाले, "राहू दे. तिला दिसणार नाही."

मी कोपरा परत खिळ्याला अडकवला.