भाऊजींचा रफार

आमच्या भाऊजींइतका सावकाश माणूस अख्ख्या अंबरनाथात नसेल. आयुष्यात घाईने त्यांनी एकच गोष्ट केली, ती म्हणजे राजीनामा.

ताईचे हे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचे. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. ती सवय त्यांनी घरच्या टीव्हीलाही लावली. फ्लॉप्यांना धूळ लागू नये म्हणून त्या स्टीलच्या डब्यात ठेवत, त्यामुळे दुपारी कधी कधी पोळीभाजीऐवजी फ्लॉप्याच उघडल्या जात. कुणी चहा घेणार का विचारलं, तर "दूध असेल तर चहा, नसेल तर सरबत, साखरही नसेल तर नुसत्या गप्पा," असं सगळ्या शक्यतांसकट उत्तर मिळे.

नव्वद साली त्यांनी मराठी अक्षरं छापणारा स्वतःचा प्रोग्राम तयार केला, तो विकायचा म्हणून पक्की नोकरी सोडली आणि उल्हासनगरात एका कापडदुकानाच्या वर खोली घेतली. घरी सांगितलं ते आठवड्याने. ताई भांडली नाही; ती बोलायचीच थांबली. डबा मात्र रोज भरून द्यायची.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते शेजारच्या गल्लीतला सिंधी छापखानेवाला. बदलापूरच्या एका लग्नाच्या तीनशे पत्रिका त्याने या प्रोग्रामवर छापल्या आणि नेमका रफार गळाला. अर्चनाची झाली अचना. छापखानेवाल्याला मराठी जेमतेम वाचता येई, त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भाऊजींनी आपण होऊन जाऊन चूक दाखवली आणि सगळे रफार हाताने काढून देतो म्हणाले. तो म्हणाला, "साईं, अपनी गलती खुद बताने वाला पहली बार देखा."

रविवारी दुपारी भाऊजी पत्रिकांचा ढीग घेऊन चटईवर बसले. मी मदतीला गेलो होतो, पण मला ते हात लावू देईनात. एकेक रफार असा जपून काढत होते की लग्नाची तिथी उलटून गेली असती. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बराच वेळ पाहत होती. मग ती आली, त्यांच्याजवळ बसली आणि हातातलं पेन काढून घेतलं.

"तुमचा रफार कावळ्यासारखा बसतो," ती म्हणाली. "नवरीचं नाव आहे ते. सरका."

भाऊजी सरकले. महिन्याभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

पुढे धंदा जमला, माणसं आली, दारावर पाटी लागली. त्या पत्रिकांवरचा हाताचा रफार बदलापुरात कुणाला दिसला की नाही, ठाऊक नाही. त्या दुपारी शाई वाळायची वाट पाहत दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि मी तहान नसताना आत पाणी प्यायला गेलो.