मिठात वाळवलेलं पुस्तक

उघड्या पुस्तकावर चहाचा पेला ठेवू नये, एवढी अक्कल चिटणीसांना होती. त्यांनी तो पुस्तकाशेजारी ठेवला होता. पण उद्याच्या भाषणाची तालीम करताना ‘आणि आज तो दिवस उजाडला!’ या वाक्याला त्यांनी हात जरा जास्तच उंच नेला, आणि खाली येताना तो पेल्याला घेऊनच आला.

पुस्तक साधंसुधं नव्हतं. चिटणीस ज्या विज्ञानकथाप्रेमी मंडळाचे चिटणीस होते, त्या मंडळाची सगळी भक्ती एकाच लेखकावर. आपसात सगळे त्याला ‘कप्तान’ म्हणत. त्याची बावीस पुस्तकं. हे त्यातलं पहिलं. छापणारा छापखाना कधीच बंद पडलेला, आणि खुद्द कप्तानाकडेही प्रत उरली नव्हती. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यानं मंडळाला पत्र लिहिलं: ‘तुमच्याकडे ते आहे असं ऐकतो. प्रवास आता झेपत नाही, पण ते एकदा हातात घ्यायला येईन.’ मंडळानं ठरवलं, नुसतं हातात द्यायचं नाही, देऊनच टाकायचं. समारंभ होता चहा सांडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

चहानं फारसं बिघडलं नव्हतं. टिपकागदावर निभावलं असतं. खरा घोटाळा पुढे झाला, आणि तो मंडळाच्या सभासदाशिवाय कोणालाच जमला नसता. कप्तानाच्या सातव्या कादंबरीत यानावरचा डॉक्टर भिजलेली नोंदवही वाचवतो. पानापानांत मीठ पसरतो आणि वही गरम इंजिनावर ठेवतो. चिटणीसांना तो परिच्छेद तोंडपाठ होता. इंजिन घरात नव्हतं, पण न्हाणीघरात बंब होता. घरातलं सगळं मीठ संपवून त्यांनी पुस्तक बंबावर ठेवलं आणि समाधानानं झोपले.

सकाळी पुस्तकाचे तीन तुकडे झाले होते. कण्याचा सरस वितळून बंबावर ओघळला होता, आणि मधली पानं अशी चिकटली होती की जणू एकच जाड पान छापलं होतं.

आठ वाजता चिटणीस आत्याच्या दारात उभे होते.

आत्या पुस्तकं बांधते. रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली तिची खोली. आत दोन लोखंडी दाबयंत्रं, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं, पुठ्ठ्याचे ढीग आणि एकच खुर्ची. दुसरी ठेवली तर लोक बसतात, असं तिचं म्हणणं. एकोणिसाव्या वर्षी आजारी मैत्रिणीच्या जागी पंधरा दिवस कागदाच्या घड्या घालायला म्हणून ती या धंद्यात आली, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मैत्रीण बरी झाली, लग्न करून गेली, आजीही झाली. आत्याचे पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. चष्मा कायम डोक्यावर. हातात घडी दाबायची हाडाची पट्टी असते, ती तिच्या अंगठ्याच्या आकाराची झिजली आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की इतर दुकानदार ‘काय हवंय?’ विचारतात. आत्या विचारते, ‘कोणी फाडलं?’

“कोणी फाडलं?” तिनं विचारलं.

“आत्या, फाडलं नाही गं. वाळवलं.”

आत्यानं एक पान नखानं खरवडलं, बोट जिभेला लावलं, आणि भाच्याकडे असं पाहिलं की एक्केचाळीस वर्षांचे चिटणीस एकदम नऊ वर्षांचे झाले.

“लोणचं घालणार होतास का?”

“कप्तानानं लिहिलंय तसं. सातव्या पुस्तकात.”

“त्यानं माणसं चंद्रावर राहायला पाठवली. तू गेलास का?”

“पाचपर्यंत होईल ना?”

“खळीला घड्याळ कळत नाही.”

तरी ती कामाला बसली. पुस्तक उसवलं. दुमडून एकात एक बसवलेल्या पानांचा गठ्ठा म्हणजे जूज. एकेक जूज सुटी करून ती मऊ कुंचल्यानं मीठ झाडू लागली, कण्यावरचा वाळका सरस खरवडू लागली. चिटणीस दारापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून दारापर्यंत फेऱ्या मारू लागले. चार पावलांची खोली, त्यामुळे फेऱ्या फार लवकर संपत. मध्येच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे निवृत्त दंतवैद्य. हळू बोलणं त्यांना येतच नाही.

“चिटणीस, पुस्तक सजवलं का?”

“सजवतोच आहे, साहेब.”

“काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय!”

“ते... सजावटीचंच.”

फोन बंद झाल्यावर आत्या मान वर न करता म्हणाली, “दातांच्या डॉक्टरला खरवडण्याचा आवाज ओळखू येणार नाही होय?”

दुपारचा एक वाजला. शिवणचौकटीवर दोऱ्या ताणल्या गेल्या, सुईला मेण लागलं, जुजेवर जूज चढू लागली. मधली दोन पानं मात्र अजून चिकटलेलीच होती. एकशे बारा आणि एकशे तेरा.

“ती राहू दे,” चिटणीस म्हणाले. “तशीच शिव. दोनशे पानांत दोन पानांचं कोणाला कळतंय! उघडायला जाशील नि फाटली तर?”

आत्यानं सुई खाली ठेवली. “तुमच्या मंडळाची पुस्तकं मी बावीस वर्षं बांधते. एकही अख्खं वाचलेलं नाही. पण कुठलं पुस्तक कुठं मोडतं ते मला माहीत आहे. तुम्ही लोक सभेत कशावर भाषणं ठोकता?”

“शेवटच्या प्रकरणावर. सूर्य विझतो त्या.”

“तिथली पानं कोरी करकरीत असतात. हे पुस्तक चारदा माझ्याकडे आलं. चारही वेळा एकशे बारावरच मोडलं होतं. सगळे येऊन तिथंच थांबतात आणि सभेत एक जण त्याचं नाव काढत नाही. लिहिणारा माणूस पहिल्यांदा काय उघडून बघेल?”

एकशे बारावर काय आहे ते चिटणीसांना माहीत होतं. यानावर बारा माणसं उरलेली असतात, पण हजेरीचं यंत्र रोज तेरा मोजतं. जो मेला, त्याच्याशी बाकीचे मनातल्या मनात अजून बोलतात, आणि यंत्र तेवढंही धरतं. दुरुस्तीवाला हत्यारं घेऊन येतो, तेव्हा यानाचा कप्तान म्हणतो, ‘राहू दे.’ त्या पानाच्या समासात मंडळाच्या वाचकांनी चाळीस वर्षं पेन्सिलीनं नुसते आकडे लिहून ठेवले होते. ज्याच्या त्याच्या घरातल्या माणसांचा आकडा, यंत्रानं मोजला असता तसा. आजोबा गेले त्या वर्षी चिटणीसांच्या वडिलांनी घरात चौघं असताना ‘५’ लिहिला होता. वडील गेल्यावर घरात तिघं उरले, तेव्हा त्याच्याखाली चिटणीसांनी पुन्हा ‘५’ लिहिला.

“उघड,” ते म्हणाले.

आत्यानं पाणी उकळलं. पानं वाफेवर धरली, हाडाची पट्टी कोपऱ्यात सारली आणि सुटेल तितकंच सोडवत गेली. केसाएवढं सुटलं की थांबायची. पुन्हा वाफ. चिटणीसांना बघवेना आणि नजर काढताही येईना. तीनला अध्यक्षांचा फोन आला, साडेतीनला पुन्हा आला. दोन्ही वेळा चिटणीसांनी तो नुसता वाजू दिला. चारला पाच मिनिटं असताना पानं सुटली. एक कोपरा गेला. तपकिरी डाग राहिला. आकडे होते तिथंच होते.

खळ लावून, कण्याला कापड चढवून आत्यानं ते ओलं पुस्तक दोन फळ्यांमध्ये घातलं आणि सुतळीनं आवळून बांधलं.

“उद्या सकाळपर्यंत उघडायचं नाही. हे मीच घेऊन येते. तुझ्या हातात देणार नाही.”

सभागृहात साठ माणसं होती, आणि पन्नास तरी एकाच वेळी बोलत होती. अध्यक्ष म्हणत होते सूर्य विझतो ते प्रकरण अजोड आहे. एक परिचारिका म्हणत होती चौथ्या पुस्तकापुढे हे काहीच नाही. तिच्या शेजारचे गणिताचे मास्तर यानाच्या वेगातली चूक त्रेचाळिसाव्यांदा समजावून देत होते. कप्तान मधोमध बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. लहानखुरा, कानात यंत्र घातलेला. स्वतःची स्तुती ऐकताना तो खिशात काहीतरी शोधत होता, चुकीच्या दुकानात शिरलेल्या माणसासारखा.

चिटणीसांचं भाषण आलं. ‘आणि आज तो दिवस’ इथपर्यंत ते आले, हात वर गेला, आणि तिथंच राहिला.

“साहेब,” ते म्हणाले, “पुस्तकावर मी चहा सांडला. मग तुमच्या सातव्या पुस्तकातल्यासारखं मिठात घालून वाळवलं.”

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

“मिठात?” कप्तान म्हणाला. “अरे, ते मी मनानं लिहिलं होतं. मला साधी चादर वाळत घालता येत नाही!” तो इतका हसला की कानातलं यंत्र किंचाळलं. “कुठंय ते?”

आत्यानं बांधलेल्या फळ्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. “ओलं आहे. उद्या सकाळी उघडा.”

कप्तानानं मान डोलावली आणि सुतळीची गाठ सोडली. पुस्तक आपणहून एकशे बारावर उघडलं. त्यानं समासातला पहिला आकडा वाचला, मग दुसरा, मग बोटानं वाचत खाली खाली गेला. सभागृह हळूहळू गप्प झालं. मास्तरही. चिटणीसांच्या वडिलांच्या ‘५’वर बोट आलं, खालच्या ‘५’वर आलं. मग त्यानं पुन्हा खिशात हात घातला, आणि इतका वेळ शोधत होता ती पेन्सिल त्याला सापडली.

“ओल्या पानावर पेन्सिल नाही लावायची!” आत्या गरजली. “फाटेल.”

साठ माणसांच्या अंगावर काटा आला. कप्तानाशी कोणी असं बोलत नसे.

“उद्या लिहू?” कप्तानानं विचारलं.

“उद्या सकाळी. नऊनंतर.”

“बाई, माझ्या वयाला उद्याचं सांगता?”

“मग रात्रभर फळ्या आवळून ठेवा, आणि थांबा.”

त्यानं पेन्सिल खिशात ठेवली, पुस्तक मिटलं. गाठ त्याला मारता येईना, ती आत्यानं मारली.

आत्याबरोबर घरी जाताना चिटणीस दिवसभरात पहिल्यांदा सावकाश चालत होते. पण वळणाशी आल्यावर त्यांना राहवेना.

“आत्या, खरं सांग. तुला कसा वाटला गं कप्तान?”

“ओलं आहे म्हटलं तरी उघडलं. तुमच्यातलाच आहे.”