उलटा फेरा

आई-बाप निंबोल्याला दुसऱ्यांच्या बागेत केळीचे घड वाहायचे. केळीच्या चिकाच्या काळ्या डागांचे कपडे घालूनच मी कॉलेज केलं, घरातला पहिला.

पुढे शूटिंगच्या धंद्यात पडलो, आणि शाहपुरच्या एका लग्नात मी माझ्या मशीनच्या, म्हणजे रोबोटच्या हाताला कॅमेरा लावला. हात नवरा-नवरीसमोर आरतीसारखा गोल फिरला, पण उलटा. नवरदेवाचा मामा आमच्या निंबोल्याचाच, तो खवळला.

"आरे ए! उलटा फेरा मयताला असतो! उचल तुझं मशीन. घड वाहणाऱ्याच्या पोराला काय समजणार!"

"मामा, दिशा आत्ता बदलतो. पण बापाला मधे आणायचं काम नाही."

"नाहीतर काय करशील?"

"शूटिंगच करीन. मशीन उचलणार नाही."

मी हात सुलटा फिरवला. मामा पंगतीपर्यंत तोंड फिरवून बसला, मीही मनवलं नाही. पण लग्न पूर्ण माझ्याच मशीननं टिपलं.