म्हशीशी बोलायचं काम

पासली गावातला जुना दगडी गोठा काकांनी मला सुतारकामासाठी दिला, तेव्हा काकीनं एकच अट घातली: म्हशीची धार तिथंच निघणार. आमची म्हैस पत्र्याच्या नव्या गोठ्यात पान्हा सोडत नव्हती. राहायची तिकडे, पण धारेला तिला जुनीच जागा लागायची.

"दूध आटलं, तर तुजी लाकडं अंगणात," काकी म्हणाली.

मी मान डोलावली. मी महाराष्ट्राबाहेर वाढले; मराठीत पटकन उत्तर सुचत नाही, आणि सुचेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. त्यामुळे मान डोलावणं सोपं पडतं.

मग मी गोठा झाडला. भिंतींवरचं शेण खरवडलं, छपरात काचेची दोन कौलं बसवली, जमीन सारखी करून घेतली. भोरहून टेम्पोनं लाकूड कापायचं मशीन आलं. पाट आणि ट्रे करायला सुरुवात झाली. सकाळ-संध्याकाळ मशीन बंद करून, भुसा बाजूला सारून मी म्हशीला वाट द्यायची. काका धारेला बसायचे आणि काकी म्हशीच्या तोंडाशी उभी राहून तिचा उद्धार करायची.

"बगतीस काय डोळं वटारून? तुज्या बापानं पेंड ठिवलीया व्हय हितं?"

म्हैस डोळे मिटून ऐकायची आणि बादली भरायची.

काकी भाच्याच्या लग्नाला विंझरला गेली, त्याच संध्याकाळी म्हैस आटली. काकांनी गोंजारलं. मग स्वतः दोन शिव्या दिल्या. म्हशीनं शेपटी त्यांच्या तोंडावर मारली. काकीला फोन लावावा, तर रेंज फक्त टेकाडावर. म्हैस टेकाडावर न्यावी, असंही काका म्हणून बघत होते.

मला अंगणातली लाकडं दिसायला लागली.

"तू बोल तिच्याशी," काका म्हणाले. "तिला बाईचा आवाज लागतो."

मी घसा खाकरला. "कशा आहात?"

काकांनी म्हशीच्या पोटाआडून डोकं बाहेर काढलं. "ती काय तुजी मॅडम हाय? शिव्या दे की!"

"तू... फार वाईट आहेस."

म्हशीनं मान वळवली आणि टेबलावरचा, त्याच दिवशी घासून ठेवलेला पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटला.

"ए भवाने!" मी ओरडले. "दिवसभर घासलाय तो! तुला तरी काय बोलायचं? हितं सगळ्यांचंच राज्य! माझ्या मशीनवर ओली घोंगडी वाळत घालतात, माझ्या पटाशीनं नारळ फोडतात, कोण कोण येऊन टेबलावर बसून तंबाखू मळतात! मला एका शब्दानं कुणी विचारतं का?"

मी थांबले. घोंगडी काकांची होती. नारळही त्यांनीच फोडला होता.

मग बादलीत चर्र झालं, आणि पुन्हा चर्र.

"थांबू नगं," काका खाली बघतच म्हणाले. "घोंगडीचं अजून बोल. निम्मी बादली व्हायचीय."

मी घोंगडीचं बोलले. दुसऱ्या दिवशी तंबाखूचं सविस्तर बोलले. काकी परत येईपर्यंत दूध रोजच्याएवढंच होतं, आणि माझी लाकडं आतच होती.

काकीला विश्वास बसेना. "ही? ही काय बोलली म्हशीला?"

"म्हशीला?" काका घोंगडी घडी करत म्हणाले. "म्हशीला कायबी न्हाई बोलली."