छप्पन्न अंश, तीस मिनिटं

निघोज्यात, कंपन्यांच्या मागच्या अंगाला, अण्णासाहेबांची पत्र्याची शेड आहे. तिथे लाकडी पॅलेट तयार होतात. चाकणमध्ये बनलेले यंत्रांचे भाग या फळ्यांच्या चौकटीवर बसतात, पट्ट्यांनी आवळले जातात आणि जहाजात चढून जगभर जातात. यंत्रांचं कौतुक करायला पुष्कळ लोक असतात. खालच्या लाकडाचं कुणी करत नाही, आणि करावं असं त्यात फारसं काही नसतंही. मात्र प्रत्येक पॅलेटच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर एक काळा शिक्का असतो. त्यात एक ओंबी, देशाची दोन अक्षरं आणि शेडचा नंबर. हा शिक्का नसेल तर वरचं यंत्र सोन्याचं असलं तरी परदेशी बंदरातून माल परत पाठवतात. तो शिक्का नऊ वर्षं ज्योतीराम मिस्त्रींच्या ताब्यात होता.

गोष्ट अशी, की कच्च्या लाकडात किडे असतात. इकडचा किडा तिकडे गेला की त्याला अडवणारं तिथे कुणी नसतं, आणि तो जंगलंच्या जंगलं खाऊन टाकतो. म्हणून पावणेदोनशेच्या वर देशांनी मिळून करार केला, आणि त्याच्याखाली नियम ठरला, की बाहेर जाणारं लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशांवर सलग तीस मिनिटं तापलेलं पाहिजे. एवढ्या देशांचं एका गोष्टीवर एकमत झालं हेच मोठं. ते किड्यांच्या बाबतीत झालं. माणसांच्या बाबतीत अजून बोलणी चालू आहेत.

ज्योतीराम मूळचे औसा तालुक्यातले, हाडाचे सुतार. तिशीत पिंपरीला आले, संत तुकाराम नगरात लोकांची कपाटं बसवली, मग अण्णासाहेबांकडे लागले. शेडमागच्या दोन खोल्या अण्णासाहेबांनी त्यांना राहायला दिल्या. तिथे त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, कंपनीतल्या पोरांचे डबे सुरू केले आणि बस्तान बसलं. पुढे लाकूड तापवण्याची विजेची भट्टी आली, तेव्हा सरकारी कागदावर जबाबदार माणूस म्हणून कुणाचं तरी नाव घालायचं होतं. शेडमध्ये वेळेवर येणारा एकच माणूस होता.

मिस्त्रींनी ते काम फारच मनावर घेतलं. शिक्क्याचा साचा आणि लाकडी ठोकळा ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत आणि किल्ली करगोट्याला बांधत. खंडेनवमीला साऱ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होई. एका वर्षी हळदकुंकू नीट पुसलं गेलं नाही आणि वीस पॅलेट पिवळ्या-लाल ओंब्या घेऊन युरोपात गेले. तिकडून तक्रार आली नाही. एकदा एकमेकांशी लढाई चालू असलेल्या दोन देशांचा माल एकाच दिवशी निघाला. मिस्त्रींनी तो शेडच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळा ठेवला, पण शिक्का दोघांना एकच मारला. राजदूत परत बोलावलेले असले तरी ओंबी दोघांनाही मान्य होती. अण्णासाहेबांना याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा आणि चुलतभाऊ लक्ष्मणरावांचा बांधावरून वीस वर्षं दावा चालला होता, बोलणं बंद होतं, आणि तारखेला दोघे एकाच जीपमधून खेडच्या कोर्टात जात होते.

मिस्त्रींचा हा कर्मठपणा कुठून आला, हे त्यांनी फक्त इंदुताईंना सांगितलं होतं. भट्टीच्या प्रशिक्षणाला त्यांना दोन दिवस पुण्याला पाठवलं होतं. तिथल्या साहेबांनी पडद्यावर किड्यांची चित्रं दाखवली, आणि मग एका गवताचं. मिस्त्रींनी ते लगेच ओळखलं. ते गाजरगवत होतं. साहेब म्हणाले, हे आपल्याकडचं नाही, फार वर्षांपूर्वी परदेशी धान्याबरोबर आलं असं सांगतात. मिस्त्रींना पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यांची आई, गोजाबाई, लोकांच्या रानात खुरपायला जाई. गाजरगवताला हात लागला की तिचे हात कोपरापर्यंत सुजत, कातडी काळी पडून फाटे. गावानं आधी देवाचं म्हटलं, मग कुणाच्या तरी नजरेचं. लिंबाचा पाला वाटून लावला, कोंबडं दिलं. ओल्या फडक्यात हात गुंडाळून ती आयुष्यभर झोपली आणि तशीच गेली. मिस्त्री घरी आले आणि म्हणाले, आईचं दुखणं बाहेरच्या देशातून आलं होतं, कुणीतरी न बघता पोतं सोडलं होतं. सांगताना ते रडले. इंदुताईंनी त्यांना ताट वाढलं, ते तसंच राहिलं, आणि त्या रात्री त्याही जेवल्या नाहीत.

असा माणूस शिक्क्यावर बसला की मालकाला बरं असतं आणि अवघडही असतं. अवघड वेळ एका गुरुवारी आली.

गुरुवार म्हणजे चाकणच्या पट्ट्यात सुट्टीचा वार. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून भट्टी कधी लावत नसत. पण त्या आठवड्यात दूरच्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालले होते. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि सगळी वेळापत्रकं कोलमडली होती. बुधवारी संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, की जहाज आधी सुटणार, चाळीस पॅलेट गुरुवारी दुपारी बारापर्यंत हवेत. अण्णासाहेबांचा निम्मा धंदा त्या एका कंपनीवर होता. वीज दहाला जाणार होती. मिस्त्रींनी पहाटे साडेचारला भट्टी लावली, सर्वांत जाड लाकडाच्या गाभ्यात तापमान मोजायच्या सुया खुपसल्या आणि काट्यासमोर स्टूल टाकून बसले. लाकूड ओलं होतं, तापायला वेळ लागला. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी काटा छप्पन्नवर आला. दहाला वीज गेली. ती सांगितलेल्या वेळेला गेली, एवढंच त्यात नवल होतं.

एकोणीस मिनिटं झाली होती. जनरेटर होता, पण तो ऑफिसातल्या पंख्यापुरता. काटा मेला, आलेख काढणारी पेन्सिल जागच्या जागी थांबली. मिस्त्रींनी वहीत लिहिलं: एकोणीस मिनिटे, वीज गेली. मग स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

साडेदहाला कंपनीचा डिस्पॅच बघणारा क्षितिज मोटारसायकलवरून आला. गोरामोरा झालेला शहाणा पोरगा होता. यंत्रं तयार आहेत, आवळायच्या पट्ट्याही कापून ठेवल्यात, कंटेनर दारात उभा आहे, फक्त शिक्का मारलेले पॅलेट आणि सहीचा कागद द्या, असं त्यानं तीनदा सांगितलं. मिस्त्रींनी त्याला वही दाखवली. वीज पाचला येणार, मग पुन्हा पहिल्यापासून तापवायचं, म्हणजे माल रात्री निघणार, हे त्यांनी शांतपणे समजावलं. क्षितिजनं अण्णासाहेबांकडे पाहिलं.

अण्णासाहेब मिस्त्रींना भट्टीमागे घेऊन गेले. आवाज चढवला नाही.

"मिस्त्री, वीज गेल्याबरूबर लाकूड काय बर्फ हुतं व्हय? दार बंद हाय. अजून अर्धा तास तरी गरम ऱ्हाईल त्ये."

"ऱ्हाईल बी," मिस्त्री म्हणाले. "पण काटा बंद हाय. मी बघितलं न्हाई."

"आन् तिकडं समुद्रात जहाजांवर गोळं टाकत्यात, त्ये कुनी बघतंय का? दवाखान्यांवर बॉम्ब पडत्यात. मोठमोठ्या देशांनी कायदा गुंडाळून ठेवलाय, आन् तुमी अकरा मिन्टं धरून बसलाय."

रोज संध्याकाळी मिस्त्री बातम्या बघत आणि त्यांनाही तेच दिसत होतं. ज्या देशांत त्यांची लाकडं गेली होती त्यांतले काही पार उद्ध्वस्त झालेले त्यांनी पाहिले होते, आणि तिथल्या पोरांचे चेहरे पाहून टीव्ही बंद केला होता. ते म्हणाले, "त्यांचं मला काय करता येतंय, अण्णासाहेब? माझ्या हातात हा एवढा एकच कायदा दिलाय. त्यो बी मोडला तर माझ्याजवळ कायच न्हाई."

अण्णासाहेबांनी करगोट्याच्या किल्लीकडे हात केला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. साचा त्यांना कुठल्याही रंगाऱ्याकडून तासाभरात करून मिळाला असता. सही मात्र एकाच माणसाची चालत होती. बारा वाजले, एक वाजला. क्षितिज फोनवर कुणाचं तरी ऐकून घेत फाटकापाशी फेऱ्या मारत होता, मग निघून गेला. पाचला वीज आली. रात्री साडेनऊला लाकूड पुरी तीस मिनिटं तापून निघालं, शिक्के बसले, सही झाली आणि चाळीस पॅलेट भिंतीला लागून उभे राहिले. न्यायला कुणी आलं नाही. शनिवारी कंपनीनं दुसरा पुरवठादार धरला.

महिनाअखेरीला अण्णासाहेब खोलीच्या दारात आले. त्यांना बोलणं जड जात होतं. काम निम्म्यावर आलंय, तुमच्या जागी नवा माणूस ठेवावा लागतोय, आणि त्याला राहायला जागा द्यावी लागणार, असं त्यांनी चपलांकडे बघत सांगितलं. सामान न्यायला आपलाच टेम्पो न्या, भाड्याचा करू नका, असंही बजावलं. मिस्त्रींनी किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली. इंदुताईंनी भांडी पोत्यात भरली. बावीस डबे जात होते, ते त्यांनी शेजारणीला लावून दिले आणि कुणाला तिखट कमी लागतं ते सांगून ठेवलं. टेम्पो हलल्यावर त्या म्हणाल्या, आईंच्या वेळी कुणीतरी अकरा मिनिटं थांबलं असतं तर बरं झालं असतं. मिस्त्रींना त्या वाक्याचा आयुष्यभर आधार वाटला.

मोशीकडे त्यांना एका वखारीत काम मिळालं. इथे काम उलटं होतं. परदेशातून आलेल्या यंत्रांची खोकी फोडायची, खिळे उपटायचे आणि फळ्या पलंग करणाऱ्यांना विकायच्या. शिक्क्याशी संबंध उरला नव्हता, तरी प्रत्येक फळीवरची ओंबी मिस्त्री वाचत. कुठल्या कुठल्या देशांची अक्षरं, पण आकार तोच. ओळखीचं माणूस भेटावं तसं त्यांना वाटे.

उन्हाळ्यात एका खोक्याच्या फळीला हातोडी लागली आणि पांढरी पूड गळली. बारीक गोल भोकं होती, आणि भुसा ताजा होता. त्यांनी फळी चिरली. आत करंगळीएवढी अळी होती, जिवंत, भरल्या पोटाची. फळीवरचा शिक्का ठसठशीत होता. ओंबी, अक्षरं, नंबर, सगळं जागच्या जागी.

मिस्त्रींना आधी संताप आला. मग तो माणूस त्यांना दिसायला लागला, ज्यानं हा शिक्का मारला तो. त्याचीही भट्टी असणार, वीज गेली असणार, फाटकाशी कुणीतरी फेऱ्या मारत असणार. शेडमागे त्याच्याही दोन खोल्या असणार. त्यानं त्या राखल्या. त्या दिवशी इंदुताईंसारखं कुणाला तिथे भांडी पोत्यात भरावी लागली नसणार. हे पटायला मिस्त्रींना काहीच कष्ट पडले नाहीत, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी शिक्क्याचा तुकडा कापून बाजूला ठेवला आणि बाकीचं सगळं खोकं, पलंगवाल्याला कबूल केलेलं, वखारीमागे जाळलं. नियम तसाच आहे. पुढचा नियमही त्यांना पाठ होता, की तपासणीच्या कार्यालयाला कळवायचं, शिक्क्यावरच्या नंबरासकट. मग ते कार्यालय त्या देशाला कळवतं, आणि त्या देशात तो नंबर ज्याच्या नावावर असतो त्याला बोलावणं जातं. घरी येऊन त्यांनी पत्र लिहिलं आणि इंदुताईंना वाचून दाखवलं.

"त्याला बी काढतील का हो?"

"काढतील."

इंदुताईंना वाचता येत नव्हतं, तरी नंबर कुठला ते त्यांनी बोट ठेवून विचारून घेतलं.

"त्याच्या बायकोला सामान बांधू लागायला कोणी असेल का तिथं?"

मिस्त्रींनी माहीत नाही म्हणून सांगितलं. सकाळी कामावर जाताना त्यांनी पत्र पोस्टात टाकलं. दुपारी डबा उघडला, आणि तसाच झाकून घरी परत आणला.