शेषरावकाकांची साक्ष

आमच्या दिग्रसच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. स्केचपेनने, जाड अक्षरांत. 'चार नंबर. पंखा पाहिला. फिरतो.' 'नऊ नंबर. वायर पाहिली. सैल होती, बसवली.' आणि एका मशीनवर, 'अकरा नंबर. पाहिलं नाही.' खाली सही असे, शे. भ. हे शेषराव भगत, आमचे लॅब अटेंडंट. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो.

एकदा तपासणी समिती येणार होती. प्राचार्य अकरा नंबरची चिठ्ठी पाहून भडकले. "शेषराव, ही आधी काढा. पाहुणे काय म्हणतील?"

"काढतो साहेब. पण त्याचा स्क्रू घासला गेला, झाकण उघडत नाई. उघडल्याशिवाय पाह्यलं कसं लिहू?"

"मग काहीच लिहू नका."

"काहीच नाई लिहिलं तर लोकं समजतीन, पाह्यलं असन."

चिठ्ठी राहिली. समितीतल्या एका मॅडमनी ती वाचली, हसल्या आणि पुढे गेल्या. काकांना मात्र त्या दिवशी पाहुण्यांसमोर यायला मनाई होती. ते मागच्या दाराशी चहाचे कप विसळत बसले.

माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सुट्टीतही लॅब उघडी मिळायची ती काकांमुळे. ते दारातल्या स्टुलावर बसून राहत आणि माझं काम संपल्याशिवाय कुलूप लावत नसत.

शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात लॅबमधली मशीन चालता चालता बंद पडू लागली. काका मागच्या जाळीला उलटा हात लावून सांगत, "तापून राह्यलं हे." पण किती तापलं, ते पडद्यावर दिसत नव्हतं. मशीनच्या आत जो मुख्य बोर्ड असतो, मदरबोर्ड, त्यावर एक बारीक चिप असते. ती तापमान, पंख्याचा वेग, व्होल्टेज सतत मोजत असते. तिचं मोजमाप संगणकाला वाचता यावं म्हणून त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या मशीनमधल्या चिपसाठी तो नव्हता. तो लिहायचा मी ध्यास घेतला.

काकांना मी हे समजावलं, तर ते म्हणाले, "म्हंजे दुभाष्या. आमच्या बाजारात तांड्यावरच्या बंजारा बाया येत. त्यायचं बोलणं दुकानदाराले सांगाले एक जण लागे. तो चुकला, तर बाईनं मागावं मीठ अन् भेटावी साखर."

तीन महिन्यांत ड्रायव्हर तयार झाला. मी आकडा वाचायची, काका झाकण उघडून आतल्या धातूला बोट लावायचे. पंख्यापुढे पुठ्ठा धरला की आकडा चढायचा, काढला की उतरायचा. काका खूश होते.

कर्नेलवर जगभरातले लोक काम करतात. आपलं काम त्यांना ईमेलने पाठवायचं, पटलं तर ते स्वीकारतात. पाठवताना खाली लिहायची पद्धत आहे की हे कोणी खऱ्या मशीनवर चालवून पाहिलं. त्याचं नाव आणि ईमेल. मी काकांच्या नावाचा ईमेल माझ्या फोनवर उघडला आणि तिथे त्यांचं नाव घातलं. पुण्याच्या एका कंपनीने मला सांगितलं होतं, तुझं काम जून संपायच्या आत स्वीकारलं गेलं तर नोकरी देऊ. घरी आईने माझ्यासाठी बॅगसुद्धा आणली होती.

पाठवण्याआधी मोठ्या कौतुकाने मी काकांना त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. मग वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे दोन नंबर कायचे व पोरी?"

"दोन बोर्डांचे. एक आपला. दुसरा त्याच कंपनीचा, पुढचा."

"दुसरा मी पाह्यला नाई."

"काका, चिप एकच आहे."

"चिप एक असन. पण तिले वायरा कोण जोडल्या? हा बोर्ड वेगळा, तो वेगळा. दुसरा नंबर काढ, नाई तं माह्यं नाव काढ."

एकच बोर्ड ठेवला असता तर काम लहान दिसलं असतं. कंपनीला दोन सांगून झाले होते. मी चिडले. तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला काय कळतं यातलं?"

आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. काका मात्र शांतपणे म्हणाले, "ते तं खरंच. मले काई समजत नाई. म्हून तं हात लावून पाहा लागते."

दोन दिवसांनी त्यांनी निरोप आणला. राळेगावकडच्या एका शाळेत त्यांचे साडभाऊ शिपाई होते. त्या शाळेत नेमका तो दुसरा बोर्ड असलेली मशीन होती. सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळला आणि तिथून बस बदलून राळेगावला गेलो. शाळेला सुट्टी होती. साडभाऊंनी खोली उघडली तर आतून भट्टीसारखी हवा आली. मी ड्रायव्हर बसवला. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान आलं, एकतीस.

"आलं!" मी म्हणाले.

काकांनी झाकण उघडून बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. बोट तोंडात घालून ते पडद्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, "बाहेर चव्वेचाळीस. खोलीत आपण शिजून राह्यलो. अन् हे मशीन एकतीस? मशीन होय का माठ होय?"

साडभाऊ पोट धरून हसले. मला रडू आलं. काकांचं खरं होतं. त्या बोर्डावर तीच चिप निराळ्या सेन्सरला जोडलेली होती, आणि माझा ड्रायव्हर भलताच हिशेब करून छातीठोकपणे खोटा आकडा सांगत होता.

परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसले. यवतमाळच्या स्टँडवर त्यांनी रसाचा ग्लास माझ्या हातात दिला. "माह्यावर राग हाय ना?"

"नाही."

"हाय. असू दे. राग जाते. पण त्या पोरायच्या शाळेत मशीन जळत राह्यली असती अन् पडद्यावर एकतीस दिसलं असतं, तं ते तुले कोणी सांगाले आलं असतं?"

मी कंपनीला खरं कळवलं. त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली. आईने बॅग माळ्यावर ठेवली. मी दिग्रसमध्येच शिकवण्या घेऊ लागले आणि महिनाभर लॅबकडे फिरकले नाही. एके दिवशी काकाच घरी आले. हातात वहीचे दोन कागद होते. ते एकटेच पुन्हा राळेगावला जाऊन आले होते. मशीन सुरू केल्यावर, अर्ध्या तासाने, पंखा अडवल्यावर, असे पडद्यावरचे सगळे आकडे त्यांनी उतरवले होते. शेजारी त्यांचा शेरा होता: कोमट, गरम, बोट टिकत नाही. त्या कागदांवरून मी चूक शोधली. दुरुस्त ड्रायव्हर घेऊन आम्ही पुन्हा राळेगावला गेलो, आणि या वेळी पडद्यावरचा आकडा काकांच्या बोटाशी जुळला.

पोळ्याच्या सुमारास काम स्वीकारलं गेलं. दोन्ही बोर्ड, आणि खाली काकांचं नाव. त्याच जोरावर पुढे मला पुण्यातच दुसरीकडे नोकरी लागली. निघताना पाया पडले, तर म्हणाले, "तिथं शिकलेले लोकं असतीन. त्यायलेही विचारत जाय, पाह्यलं का म्हून. लाजू नको."

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच हृदयविकाराने गेले. मला पोचायला उशीर झाला. काकूंनी सांगितलं, माझी ती पहिली नोकरी हुकली त्या आठवड्यात काका नीट जेवत नव्हते. "माह्यापायी पोरीचं नुकसान झालं" असं म्हणत. मला ते कधी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात ऑफिसात बसले होते. फोनवर काकांच्या ईमेलला पत्र आलं. तिथे जाहिरातींशिवाय कधी काही आलं नव्हतं. हे परदेशातून होतं, कर्नेलवर काम करणाऱ्या एका अनोळखी माणसाचं. 'आदरणीय श्री. भगत, आम्ही या ड्रायव्हरमध्ये बदल करतो आहोत. हा दुसरा बोर्ड तपासल्याची नोंद फक्त तुमची आहे. बदल त्यावर नीट चालतो का, हे कृपया पाहून सांगाल का? तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही थांबतो.'

मी ते परत परत वाचलं. ज्यांना समितीसमोर येऊ दिलं नाही, त्यांच्या शब्दासाठी कुठल्याशा देशात काम थांबलं होतं. बराच वेळ मला पडदा दिसेना.

मग उत्तर लिहिलं. श्री. भगत आता नाहीत. ते मशीन अजून आहे की नाही, मला माहीत नाही. रविवारी जाऊन पाहते. तोवर थांबावं.

राळेगावला साडभाऊंना फोन लावला. मी कोण, कशाला येते, हे सांगू लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "समजलं व बाई. शेषरावचं काम हाय ना? ये तू. मी खोली झाडून ठेवतो."